ठराव आणि पाणी : महाड नगरपालिकेची वाटचाल

महाड हे पाण्याने घडवलेले गाव आहे. सावित्री आणि गांधारी इथे एकत्र येतात, रायगडाच्या डोंगरातून काळ नदी उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती गावाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. वरंध घाटाने खाली येणारा माल आणि खाडीतून वर येणारा माल यांची गाठ इथे पडे, म्हणून बाजारपेठ उभी राहिली. गांधारपाल्याच्या डोंगरातली लेणी पाहिली की ही वर्दळ किती जुनी आहे याचा अंदाज येतो. १७९६ सालचा पेशवाईतला प्रसिद्ध तह महाडच्याच नावाने ओळखला जातो. रायगड किल्ला इथून जवळ असल्याने शिवकाळापासून या गावाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष असे.

अशा गावात एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात नगरपालिका आली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने लोकांच्या अर्जावरून नगरपालिका स्थापन करण्याची सोय केली होती. मुंबई इलाख्यातल्या बऱ्याच लहान गावांनी या कायद्याचा उपयोग करून घेतला. मात्र ‘लोकांच्या अर्जावरून’ या शब्दांनी फसायचे कारण नाही. कारभार कलेक्टर आणि मामलेदार पाहत, आणि गावातले चार वजनदार गृहस्थ सरकारने नेमलेले सभासद म्हणून बसत. रस्ता झाडणे, दिवाबत्ती, देवी टोचणे, गटारे वाहती ठेवणे आणि पाणवठे सांभाळणे एवढेच काम, आणि त्यासाठी घरपट्टी व किरकोळ कर एवढाच पैसा. १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. पाठोपाठ १८८४ च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाली. पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने पालिकांच्या अधिकारांची आणि मालमत्तेची नीट घडी बसवली. सार्वजनिक रस्ते, गटारे, विहिरी आणि तळी पालिकेकडे निहित झाली. निहित होणे म्हणजे ती वस्तू पालिकेच्या ताब्यात, देखभालीत आणि जबाबदारीत येणे. हा कायदेशीर शब्द पुढे महाडच्या इतिहासात फार मोलाचा ठरला, म्हणून त्याची इथे आठवण ठेवायची.

मतदानाचा हक्क तेव्हा कर भरणाऱ्यांपुरता होता. ज्याच्या नावावर घर आणि ज्याच्या घरावर पट्टी, तोच मतदार. त्यामुळे पालिकेत कोण बसणार हे गावाच्या रचनेवरूनच ठरे. ज्या वस्त्यांना पालिकेच्या सेवेची सर्वांत जास्त गरज होती, त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नव्हता. महाडच्या पालिकेचा इतिहास लिहिताना कामांची यादी पुरत नाही. कोणते काम कोणासाठी झाले आणि कोणासाठी राहिले, हा प्रश्न प्रत्येक पानावर विचारावा लागतो.

गावाच्या मध्यभागी चवदार तळे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालपत्रात त्याचे वर्णन सापडते. चार ते पाच एकरांचा, बराचसा माणसांनी घडवलेला जलाशय. चारही बाजूंना नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि थोड्या मुसलमानांची घरे. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, दगडी बांध आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याच ठिकाणी त्या घरमालकांच्या. म्हणजे तळे सार्वजनिक, त्याला वेढणारा रस्ताही सार्वजनिक, पण पाण्यापर्यंत नेणाऱ्या कित्येक पायऱ्या खासगी. सार्वजनिक वस्तूभोवती खासगी हक्काचे कडे कसे पडते याचे इतके स्वच्छ चित्र दुसऱ्या गावात क्वचितच मिळेल.

आता बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून महाडला आलेल्या अस्पृश्य माणसाचा विचार करावा. कोणी सौद्याला आलेला असे, कोणी गावकामगार म्हणून तालुका कचेरीत टपाल किंवा वसूल पोहोचवायला आलेला असे. उन्हातून चालत आलेल्या या माणसाला परगावच्या माणसासाठी खुले असलेले एकमेव सार्वजनिक पाणी, म्हणजे चवदार तळे, बंद होते. मुसलमान, ख्रिस्ती यांना तिथे मज्जाव नव्हता, गुरेढोरेही पाणी पीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे या लढ्याविषयी लिहिताना एक तपशील नोंदवला आहे, आणि तो थेट पालिकेच्या कारभाराविषयी आहे. अस्पृश्यांसाठी गावात एकच विहीर होती. ती त्यांच्या वस्तीत, बाजारपेठेपासून दूर होती आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्यामुळे गाळाने भरून गेली होती. अस्पृश्यतेचा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत मांडला जातो. महाडला त्याचे रोजचे रूप म्हणजे वर्षानुवर्षे गाळ न काढलेली एक विहीर होती. गाळ काढणे हे पालिकेचे साधे, दरवर्षीचे काम. ते झाले नाही, कारण त्या विहिरीवर येणाऱ्या माणसांना पालिकेने आपले मानले नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या अथवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. स्थानिक संस्थांनी काय करायचे हे मात्र त्या त्या संस्थांवर सोडले गेले.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले.

या एका वाक्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. कोकणातल्या एका लहान गावच्या पालिकेने, कर भरणाऱ्या सवर्णांच्या मतांवर निवडून आलेल्या सभागृहात, असा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे महाडकरांचे सुरबानाना, यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पालिकेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी समतेची बाजू उघडपणे घेतली, सत्याग्रहाला साथ दिली आणि आपल्याच गावातल्या लोकांचा रोष पत्करला. त्यांच्याबरोबर अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे उभे राहिले. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे या लढ्याच्या संघटनेत आघाडीवर होते. मोरे लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले तरी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवायला त्यांना झगडावे लागले होते. बंद दार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पण ठरावानंतर तीन वर्षे तळ्यावर काहीच बदलले नाही. पालिकेने फलक लावला नाही, दवंडी दिली नाही, पहारा ठेवला नाही. पालिकेच्या कामकाजाची ज्यांना सवय आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. विषयपत्रिकेवर विषय येतो, सूचक-अनुमोदकांची नावे लागतात, ठराव क्रमांक पडतो, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते आणि वही कपाटात जाते. वही आणि रस्ता यांच्यामधले अंतर ओलांडायला अंमलबजावणी करणारा माणूस लागतो, खर्चाची तरतूद लागते आणि विरोध झाला तर उभे राहण्याची तयारी लागते. १९२४ ते १९२७ या काळात महाडला यांपैकी एकही गोष्ट नव्हती. कायदेमंडळालाही हे दिसत होते. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनीच दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान थांबवावे, अशी त्यात शिफारस होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि जिल्ह्याबाहेरूनही हजारो माणसे आली होती. त्यांच्या पिण्याच्या पाण्याचे काय केले? स्वागत समितीने चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. ज्या गावात तीन वर्षांपूर्वीच तळे खुले झाले होते, त्या गावात परिषदेच्या प्रतिनिधींना विकतचे पाणी प्यावे लागले. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी चित्रे यांनी सर्वांनी मिळून तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. मिरवणूक शिस्तीने बाजारपेठेतून निघाली, तळ्यावर पोहोचली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग बाकीच्यांनी प्यायले. पालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी ज्यांच्यासाठी तो ठराव होता त्यांनीच स्वतः केली. पालिकेच्या दृष्टीने पाहिले तर २० मार्चचे खरे महत्त्व हेच आहे.

पुढे जे घडले ते महाडच्या इतिहासातले दुःखाचे पान आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावभर पसरवली गेली. लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या आणि गावात एकटेदुकटे सापडलेल्या माणसांना मारहाण केली. कित्येकांनी मुसलमान कुटुंबांच्या घरांत आश्रय घेतला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे चार महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. गावातल्या सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पाणी तळ्यात ओतले. हा विधी पालिकेच्या मालकीच्या तळ्यावर झाला.

४ ऑगस्ट १९२७ रोजी पालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गावातल्या बहुसंख्य मतदारांचा दबाव सभासदांना पेलवला नाही. या रद्द करण्याला कोणतीही सबब देता येत नाही. स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिक बहुमताची मर्जी, असा अर्थ लावला तर काय होते याचे ते उदाहरण आहे. ज्यांना मत नव्हते त्यांच्या पाण्याचा निकाल मत असलेल्यांनी लावला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला सवर्णांपैकी काहींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जागेत मंडप पडला. २५ डिसेंबरला सहस्रबुद्धे यांनी मांडलेला आणि पांडुरंग नथुजी राजभोज यांनी अनुमोदन दिलेला ठराव झाला आणि मनुस्मृतीची होळी करण्यात आली. त्या ठिकाणी आज क्रांतिस्तंभ आहे. न्यायालयाचा हुकूम आणि जिल्हाधिकाऱ्यांची विनंती लक्षात घेऊन बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. हजारो माणसे तळ्याच्या भोवतालच्या रस्त्याने मिरवणुकीने फिरली आणि परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही. न्यायालयाचा मान राखणारी ही माणसे आणि मार्चमध्ये काठ्या चालवणारी माणसे, यांतली कायद्याने वागणारी कोण, हे त्या दिवशी सगळ्या गावाने पाहिले.

दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. तळे आमच्या वहिवाटीचे, अनादी काळापासून अस्पृश्य तिथे येत नाहीत, अशी रूढी आहे आणि तिला कायद्याचे बळ आहे, असे वादींचे म्हणणे होते. १९२८ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे सुनावणी झाली. तळे खासगी असल्याचा दावा टिकला नाही. ते पालिकेकडे निहित होते. अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते ही गोष्ट खरी, पण तेवढ्याने त्यांना अडवण्याचा कायदेशीर हक्क कोणाला मिळत नाही, आणि अशी रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादी सिद्ध करू शकलेले नाहीत, असा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी झाला. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस बाकी होते.

पालिकेच्या इतिहासात या निकालाला असाधारण स्थान आहे. १९०१ च्या कायद्यातली ती रुक्ष तरतूद, ‘सार्वजनिक तळी पालिकेकडे निहित’, इथे हजारो माणसांच्या माणुसकीच्या हक्काचा आधार ठरली. पालिकेने स्वतः पाठ फिरवली तेव्हाही तिची मालकीच त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानात पंधराव्या कलमाने राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात जात वा धर्माच्या कारणाने अडवण्यास मनाई केली. ते कलम वाचताना बोले ठराव आणि चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तळ्यावर ओंजळ भरणारेच होते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि महाडच्या सभागृहाचे रूप पालटले. घरपट्टीची पावती नसलेला माणूसही मतदार झाला. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्याने राज्यभर एकच चौकट आणली. मुख्याधिकारी, समित्या, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण यांचे नियम सारखे झाले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेला संविधानात जागा दिली, राखीव जागा आणल्या आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. महाराष्ट्राने पुढे ते प्रमाण निम्म्यावर नेले. ज्या गावात १९२७ साली बाबासाहेबांनी परिषदेला आलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून त्यांना राहणी, वेश आणि मुलांच्या शिक्षणाविषयी हक्काने सांगितले, त्या गावात आज पालिकेच्या सभागृहात अनुसूचित जातींच्या आणि इतरही स्त्रिया हक्काने बसतात.

पैशाची बाजू मात्र नेहमीच अशक्त राहिली. लहान नगरपालिकांचा मोठा आधार म्हणजे जकात. नाक्यावरून गाडी गेली की रोकड हातात येई आणि त्यातून पगार भागे. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्याऐवजी सरकारी अनुदान आले. नाक्यावरची कटकट संपली हे चांगलेच झाले, पण पालिका मुंबईच्या तोंडाकडे पाहू लागली. महाडची औद्योगिक वसाहत मोठी आहे, रासायनिक कारखाने भरपूर आहेत, पण ती पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. कामगार शहरात राहतात, बाजार शहरात करतात, कचरा शहरात होतो. कारखान्यांचा कर मात्र शहराला मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत महाडची लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या घरात होती. एवढ्या लोकांच्या घरपट्टी-पाणीपट्टीवर तालुक्याच्या बाजारपेठेचा भार वाहणे सोपे नाही. पिण्याच्या पाण्यासाठी शहराची मदार आता कोतुर्डे आणि कुर्ला या धरणांवर आहे. पहाटे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव स्मरणिकेत येत नाही, पण शहराचा दिवस त्याच्या चावीने सुरू होतो.

आणि मग पूर. महाडच्या पालिकेला पावसाळा म्हणजे दरवर्षीची परीक्षा आहे. महाबळेश्वरच्या बाजूला ढग फुटावेत तसा पाऊस पडला आणि त्याच वेळी खाडीत भरती असली, की सावित्रीचे पाणी खाली सरकत नाही. ते बाजारपेठेत शिरते. नदीपात्रातला गाळ, पात्रातली बेटे आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांविषयी महाडकरांच्या तक्रारी जुन्या आहेत. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात शहर बुडालेच, शिवाय तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. २२ जुलै २०२१ ला तेच पुन्हा घडले. तळिये गावावर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच रात्री महाडच्या बाजारपेठेतली दुकाने आणि तळमजले पाण्याखाली होते.

पाणी ओसरल्यावरचे महाड ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही. घोट्याच्या वर चिखल, दुकानांतून बाहेर काढून रस्त्यावर रचलेली भिजलेली कापडाची ठाणी, फुगलेल्या वह्या, सडलेले धान्य, मेलेली जनावरे. लेप्टोच्या भीतीने गोळ्यांचे वाटप चाललेले. ज्या पालिकेने शहर साफ करायचे, तिचे कर्मचारी स्वतः पूरग्रस्त होते. त्यांची घरे बुडालेली, तरी ते फावडी घेऊन बाहेर पडले. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या महापालिकांची पथके यंत्रसामग्री घेऊन मदतीला आली, स्वयंसेवी संघटनांची माणसे आली आणि काही दिवसांत रस्ते दिसू लागले. सफाई कामगारांचे हे काम कोणत्याही उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा मोठे आहे. गाळ काढणे हे काम या गावात कधीच किरकोळ नव्हते. त्या पुरानंतर सावित्रीच्या पात्रातला गाळ काढण्याचे काम शासनाने हाती घेतले. ते दरवर्षी, न थांबता चालू राहिले पाहिजे.

या दोन आपत्तींच्या मध्ये आणखी दोन घटना आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह वाहने नदीत गेली. तो पूल पालिकेचा नव्हता. नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. दुसरी घटना मात्र शहराच्या हद्दीतली. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुरा भागातली पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मृत्युमुखी पडली. इमारत जेमतेम काही वर्षांची होती. एका लहान मुलाला बऱ्याच तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढले तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण अनेकांसाठी फार उशीर झाला होता. पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात बांधकाम करणाऱ्यांबरोबर पालिकेच्या तत्कालीन अधिकाऱ्यांचीही नावे होती. बांधकाम परवाना, जोत्याची तपासणी, भोगवटा दाखला हे कागद म्हणजे पालिकेने नागरिकाला दिलेला शब्द असतो. तो शब्द सोळा जणांच्या कामी आला नाही, हे पालिकेच्या इतिहासात लिहून ठेवणे भाग आहे.

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला देशभरातून माणसे येतात. २० मार्च हा दिवस राज्यात सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. नागपूर, मराठवाडा, मुंबईच्या चाळी, कर्नाटक, गुजरात इथून आलेली कुटुंबे तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात, लहान मुलांच्या हातावर घालतात. म्हाताऱ्या बायका पाण्याला हात लावून तो कपाळाला लावतात. पिण्याच्या पाण्याची सोय, फिरती शौचालये, दिवे, आरोग्य पथक, रस्त्यांची सफाई ही सगळी तयारी यंत्रणांना आठवडाभर आधीपासून करावी लागते. चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागलेल्या परिषदेच्या वारसांना पाणी पुरवणे हे या पालिकेचे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तिथे टाकी कोरडी पडणे किंवा तळ्याच्या पाण्यावर शेवाळ असणे ही साधी गैरसोय मानता कामा नये.

२० मार्च २०२७ रोजी सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त कमानी उभ्या राहतील, सुशोभीकरण होईल, भाषणे होतील. ते सगळे योग्यच आहे. पालिकेकडे एक विनंती आहे. ५ जानेवारी १९२४ चा तळे खुले करणारा ठराव आणि ४ ऑगस्ट १९२७ चा तो रद्द करणारा ठराव, या दोन्हींचा मजकूर मोठ्या अक्षरांत, शेजारी शेजारी, तळ्याच्या काठावर कायमचा लावावा आणि त्याखाली १७ मार्च १९३७ च्या निकालाचा सारांश द्यावा. जुनी इतिवृत्ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. आणि महाडच्या ज्या घरांत जुन्या पावत्या, नोटिसा, सभांच्या वृत्तांतांची कात्रणे किंवा सत्याग्रहाच्या काळातली पत्रे असतील, त्यांनी ती पालिकेच्या वाचनालयाकडे प्रतीसाठी आणून द्यावीत.